गळ्यातली रेघ

दुपारी गिऱ्हाईक आलेलं आप्पांना खपत नसे. कुणी आलंच, तर गादीवरून न उठता म्हणायचे, "आता नाटक हाय. ऊन उतरल्यावर या." नवखं गिऱ्हाईक चक्रावून पेठेत इकडंतिकडं बघायचं. वैशाखातलं बीड, कुत्रीसुद्धा फळीखाली निपचित पडलेली. कसलं नाटक न् कुठलं? जुनं गिऱ्हाईक मात्र काही न विचारता पायऱ्या उतरायचं, आणि उतरल्यावर जरा भराभर चालायला लागायचं, हेही मी पाहिलेलं आहे.

दुकान कापडाचं. मागं एक खोली होती, तिला खिडकी नव्हती. वर माळवदाला हातभर झरोका. सूर्य डोक्यावर आला की त्या झरोक्यातून उन्हाचा एक खांब सरळ खाली उतरायचा, आणि तेवढा वेळच तिथलं काही दिसायचं. आप्पा त्या उन्हात दोरीवर एक रेशमी रुमाल टांगायचे. समोर पांढरी चादर, चादरीवर दोन लोड. एकाला स्वतः टेकायचे, दुसरा मोकळा. गुलाबपाणी शिंपडायचे, ते मोकळ्या लोडावरही. मग पागोटं नीट करून बसायचे आणि बघायला लागायचे.

काय बघत होते ते त्यांनाच ठाऊक. मध्येच हसायचे. मध्येच मांडीवर हलका ताल धरायचे, डोळे पुसायचे. आणि एखाद्या जागी, झोपलेल्या लेकराला उठवावं तशा आवाजात म्हणायचे, "वन्समोर." मग मान पुढं काढून ऐकत राहायचे. त्या वेळी खोलीत जी शांतता असायची ती नुसती शांतता नव्हती. समोर कुणीतरी तेच पद पुन्हा म्हणतंय आणि ते फक्त मलाच ऐकू येत नाही, असं वाटायचं.

आप्पांनी जन्मात एकही नाटक पाहिलेलं नव्हतं.

ते रुमाल कसले, ते आजच्या पोरांना सांगावं लागेल. तेव्हा नाटक कंपन्या गावोगाव फिरायच्या. मुक्काम हलवायच्या आधीचा शेवटचा खेळ मोठ्या थाटाचा. त्या खेळाला पुढच्या खुर्च्यांवरच्या बड्या मंडळींना कागदी जाहिरातीऐवजी रेशमी रुमाल देत. पांढऱ्या नाहीतर गुलाबी रेशमावर नाटकाचं नाव, गावाचं नाव, कामं करणाऱ्यांची नावं, कडेनं वेलबुट्टी, आणि मधोमध नायिकेचं काम करणाऱ्या पुरुषाचं चित्र, लुगड्यात, दागिन्यांनी मढलेलं. काही घरांत हे रुमाल तसबिरीसारखे लावले जात. काही घरांत बायका त्यांची तान्ह्या पोरांना कुंची शिवत. आप्पा मात्र ते जमवत. बार्शीला, सोलापूरला, हैदराबादला माल आणायला जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला सांगून ठेवलेलं, "रुमाल घावला तर घिऊन या. दुसरं काय नको."

दुसऱ्या कंपन्यांचे रुमाल ते परत करायचे. एकाच कंपनीचे हवे असत. कारण त्या कंपनीच्या रुमालांवरची नायिका म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ होता.

आप्पा लिंगायत. घराणं कर्मठ नव्हतं, पण नेमाचं होतं. माणूस जन्मला की गळ्यात इष्टलिंग बांधायचं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवून. आणि ते मरेपर्यंत उतरवायचं नाही. मेल्यावर माणसाला बसवून समाधी देतात तेव्हाच ते गळ्यातून काढून डाव्या तळहातावर ठेवतात. जिवंतपणी ज्यानं ते उतरवलं तो त्यांच्या लेखी गेला. आईबाप लवकर वारल्यामुळं धाकट्याचं सगळं आप्पांनीच केलेलं. दोरा जुना झाला की नवा दोराही तेच स्वतः ओवायचे.

धाकटा माझ्या बरोबरीचा. आमचं घर रंगाऱ्याचं. आप्पांच्या दुकानातलं कापड रंगवायला आमच्याकडं यायचं आणि त्याच्याबरोबर धाकटाही. गळा असा, की मठात भजनाला बसला की म्हातारी माणसं जपमाळ विसरायची. बिंदुसरा नदीच्या काठाला कंपनीची कनात पडली तेव्हा त्याला मालकासमोर मीच घेऊन गेलो होतो. गंमत म्हणून. मालकानं त्याला एक पद म्हणायला लावलं, मग हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडं वळवला, आणि माझी गंमत तिथंच संपली.

कंपनी हलली त्या सकाळी मी नदीवर कापड वाळत घालत होतो. गाड्या पुढं गेल्या होत्या. धाकटा धावत माझ्याकडं आला. सदऱ्यात हात घालून त्यानं डबी दोऱ्यासकट डोक्यावरून काढली.

"मालक म्हणतो, चोळीतनं डबी दिसती. ही दादाला दे."

"येडा हायस का बे? आप्पा मला उभा चिरतील."

"ऐक तर. दादाला म्हणावं, टाकलं न्हाई, ठिवाया दिलंय. त्यानं एका शब्दानं बोलावलं की मी आसंल तिथनं येतो आन् त्याच्याच हातानं गळ्यात घालून घेतो. पर बोलवाया पायजे. आपणहून यायाचं तोंड न्हाई मला. सांगशील न्हवं?"

मी हो म्हणालो.

ते मी सांगितलं नाही. आज माझे केस पिकले आहेत, आणि हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्या दिवशी संध्याकाळी डबी देणार होतो. पण पेठेत आप्पा धाकट्याच्या नावानं हाका मारत फिरत होते, त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, उद्या. उद्या मठाचे जंगमस्वामी आले. म्हणाले, "लिंग उतरवलं आसंल तर त्यो गेला समजा. नाव घिऊ नका त्याचं." आप्पा ताडकन् उठले, "उतरवलं कशावरनं? कुणी पायलंय?" मी तिथंच दाराशी उभा होतो. डबी माझ्या कनवटीला होती. मी बोललो असतो तर धाकटा मेला असता, असं मी मनाला समजावलं. खरं कारण त्याहून लहान होतं. त्याला मालकाकडं कुणी नेलं, हे बाहेर आलं असतं. आमच्या घरी येणारं कापड बंद झालं असतं. बापानं मला फोडून काढलं असतं. एवढंच.

आप्पांनी स्वामींपुढं शपथ घेतली, कंपनीच्या कनातीत पाऊल ठेवणार नाही म्हणून. आणि एकदा मला म्हणाले होते, "मी बोलावून आला तर त्यो पाव्हणा. आपणहून आला तर माझा भाऊ." हे ऐकून मी घरी गेलो आणि जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो.

तर असे आप्पा. बोलणं सुरू करायच्या आधी समोरच्याच्या धोतराचा काठ नाहीतर बाही चिमटीत धरून बघायचे. एकदा तहसीलदारसाहेबांचीच शेरवानी चाचपून म्हणाले, "साहेब, शिंप्यानं अस्तराला दुसराच माल घातलाय. कापड खोटं बोलत न्हाई." कापड खोटं बोलत न्हाई, हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून कितीदा यायचं. साहेब तेव्हा हसले. पुढं म्हणे अस्तर उसवून बघितलं.

स्वतः रेशीम कधी अंगाला लावलं नाही. आक्का, म्हणजे त्यांची बायको, फार तोंडाळ. माजघरातून ओरडायची, "त्या रुमालाला गुलाबपानी, आन् माजं डोकं दुखतंय तर सुंठ उगाळाया कुणी न्हाई! सवत बरी, ती निदान भाकरी तरी थापंल." आप्पा शांतपणे म्हणायचे, "गप बस. पडदा वर गेलाय."

पहिला रुमाल बार्शीच्या एका दलालानं आणला. मी तेव्हा कचेरीत उर्दू कागदांच्या नकला करायला लागलो होतो. तेव्हा कचेरीला सुट्टी रविवारऐवजी शुक्रवारी, म्हणून आप्पांनी मला दुपारी बोलावलं. झरोक्याच्या उन्हात रुमाल धरला. धाकटाच होता. नथ, खोपा, मोत्यांच्या माळा, आणि त्या सगळ्यातून माझ्याकडं बघणारे त्याचे डोळे.

"गळ्याकडं बघ," आप्पा म्हणाले. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मोत्यांच्या माळांखाली एक बारीक आडवी रेघ होती. "दोरा हाय. उतरवलं न्हाई पोरानं. कापड खोटं बोलत न्हाई."

मी रंगाऱ्याचा मुलगा. मला कळलं, की ती रेघ म्हणजे विणीतच आलेला एक जाड धागा. त्यावर शाई नीट बसलेली नव्हती, इतकंच. आप्पा माझ्याहून जास्त कापडातले. पण त्यांना ते दिसलं नाही, किंवा दिसू दिलं नाही. त्या दिवशी त्यांनी पेठेत पेढे वाटले आणि स्वामींना जाऊन सांगितलं, की माझा भाऊ अजून आमचाच आहे.

दुसरा रुमाल आला त्यावर रेघ नव्हती. आप्पांनी भिंग खाली ठेवलं आणि अन्न सोडलं. आक्का माझ्या घरी आली. आवाजात एरवीचा तिखटपणा नव्हता. "काय तरी करा भाऊ. मानूस भिताडाकडं तोंड करून पडलंय." मी रुमाल इस्त्रीच्या निमित्तानं घरी आणला. बापाच्या काळ्या रंगाचं मडकं कोपऱ्यात होतं. हिरडा आणि गंजलेल्या लोखंडाचं पाणी, आमच्या घरचा नेहमीचा काळा. बाप बजावायचा, रेशमाला हा लावू नको, खातो. मी नकलेची लेखणी त्यात बुडवली आणि गळ्यावर दोरा काढला. समोर डबी ठेवून काढला, जसा होता तसा. डाव्या खांद्याकडं एक गाठ होती, तीही काढली.

आप्पांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. भिंग काढलं, पुन्हा लावलं. मग जेवायला बसले.

त्यानंतर जो रुमाल येई तो आप्पा आधी माझ्याकडं पाठवत. "जरा इस्त्री करून आण," म्हणत. मी रेघ काढून आणत असे.

एका शुक्रवारची दुपार मी विसरू शकत नाही. आत गेलो तर आप्पा नेहमीसारखे बसलेले. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मोकळ्या लोडाकडं खूण केली. मी तिथं कधी बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. लोड गरम होता. उन्हानं म्हणावं तर ऊन तिथवर येत नव्हतं. पेठ सगळी मिटलेली, वारा नाही, झरोक्यातल्या उन्हात धूळसुद्धा हलत नव्हती. आणि रुमाल हलत होता. फडफडत नव्हता. मधोमध, जिथं गळा होता तिथं, हळू फुगायचा आणि आत जायचा. कुणी लांबलचक तान घ्यावी आणि मग दम घ्यावा, तसा.

आप्पा कान देऊन ऐकत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यो म्हणतोय, माजं काय तरी ह्याच्याकडं हाय. काय हाय रे?"

"काय न्हाई, आप्पा."

"न्हाई?"

"न्हाई."

"वन्समोर," आप्पा हळूच म्हणाले. ते मला म्हणाले की रुमालाला, हे तेव्हा मला समजलं नाही. मी उठून बाहेर आलो.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. गावं ओस पडली. साथ ओसरल्यावर कपिलधारच्या जत्रेला मी आक्काला पोचवायला गेलो होतो. ती दर्शनाला रांगेत, मी तिथल्या धबधब्याखाली. तिथं एक म्हातारा माझ्याजवळ आला. त्या कंपनीत तो पेटी वाजवायचा. कंपनी मोडली होती. बीडची माणसं दिसली म्हणून चौकशी करत होता, कापडवाल्या आप्पांच्या घरचं कुणी आहे का म्हणून. मी म्हणालो, मी घरचाच. त्यानं काहीतरी सांगितलं. धबधब्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी ओरडलो, "पुन्हा सांगा!" त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून पुन्हा सांगितलं.

धाकटा मानमोडीत गेला होता. तापात मोकळ्या छातीवर हात फिरवून एकच विचारायचा, "घरी पोचलं का? दादाचं बोलावणं आलं का?" कुणीतरी म्हणायचं, येईल. मग तो म्हणायचा, "दादाला राग आलाय. आसू द्या."

"त्येच्या दादाला सांगाल न्हवं?" पेटीवाल्यानं विचारलं. याही वेळी मी हो म्हणालो. आक्का दर्शन घेऊन आली, माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, "तोंड का उतरलं हो? पानी लागलं का?"

हेही मी सांगितलं नाही. रुमाल येईनासे झाले. आप्पा म्हणायचे, "पोरगं आता बाप्या झालं आसंल. मिशा फुटल्या की बायकांची कामं देत न्हाईत म्हणं. आता यील." जुनेच रुमाल आलटून पालटून टांगत. दुसरा लोड अजूनही मांडत.

आप्पा आजारी पडले तेव्हा हट्टानं त्याच खोलीत अंथरूण घालायला लावलं. शेवटी शेवटी मला बोलावलं. दुपारच होती. ऊन त्यांच्या अंथरुणाच्या कडेपर्यंत आलेलं. त्यांनी सवयीनं माझी बाही चिमटीत धरली.

"रंगाऱ्या, तुज्या बापाचा काळा मला कळत न्हाई व्हय रे? कापडाचा धंदा हाय माजा."

"कधीपासनं, आप्पा?"

"पयल्या रेघंपासनं."

"मग बोलला कावून न्हाई?"

"तू गाठ काढलीस. डाव्या अंगाला. ती गाठ मी मारलेली हाय, आमच्यात दुसरं कुणी तशी मारत न्हाई. म्हणलं, ज्यानं हे काढलं त्यानं दोरा हातात धरलेला हाय. आज न्हाई तर उद्या सांगंल. म्हणून रुमाल तुज्याकडं धाडायचो. लई वाट बघितली बाबा." त्यांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर. "आण."

डबी माझ्या कनवटीला होती. त्या दिवसापासून मी ती कधी घरी ठेवलीच नव्हती. द्यायची म्हणजे सगळंच द्यायचं होतं: नदीवरचा निरोप, कपिलधारचा निरोप. या माणसानं एक शब्द उच्चारला असता तर भाऊ परत आला असता, हे मरणाऱ्याला सांगायचं होतं.

"काय आणू, आप्पा?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. गिऱ्हाईक खोटा माल परत घेऊन आलं की ते असंच बघायचे. मग तोंड रुमालाकडं वळवलं. "चालू द्या," म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि ऊन झरोक्यातून निघून जायच्या आत गेले.

समाधी देताना रीतीप्रमाणं बसवलं. त्यांचं लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. उजवा हात मांडीवर होता, तळवा तसाच वर. स्वामींनी बोटं मिटवली. ती उघडली. पुन्हा मिटवली, पुन्हा उघडली. "आसू द्या," स्वामी म्हणाले. सगळे विभूती टाकत होते. मीही टाकली. कनवटीला हात गेला आणि तसाच मागं आला.

परवा आक्कानं बोलावलं. थकली आहे आता. घर आवरायला काढलंय. ट्रंक माझ्यापुढं सरकवली. "हे तुमीच न्या भाऊ. पर बगा काय झालंय. उंदरानं न्हाई केलं, कातरल्यावानी हाय."

मी एकेक रुमाल उलगडला. प्रत्येकाचे दोन तुकडे झालेले. बरोबर गळ्याच्या रेघेवर रेशीम खाल्लं गेलं होतं, आणि वरचं मुंडकं वेगळं, खालचा देह वेगळा. बापानं सांगितलं होतं तसंच. काळ्यानं आपलं काम केलं होतं. एकच रुमाल अखंड होता, पहिला, ज्याला मी हात लावलेला नव्हता. तो मी उन्हात धरला. गळ्यावरचा तो जाड धागा होता तिथंच होता. फक्त डाव्या खांद्याकडं त्याला आता एक गाठ होती.

ती गाठ मी काढलेली नाही.

आक्काला मी तिथंच सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मला कावून सांगता? ज्यांचं हाय त्यांना सांगा की."

काल शुक्रवार होता. दुपारी मी आप्पांच्या समाधीवर गेलो. माळावर चिटपाखरू नव्हतं. त्यांचा उजवा हात ज्या बाजूला असेल तिथली माती हातानं उकरली, डबी ठेवली, दोऱ्यासकट, आणि माती लोटली. मग बसलो आणि निरोप सांगितला, त्याच्याच शब्दांत. टाकलं न्हाई, ठिवाया दिलंय. एका शब्दानं बोलवा. मग दुसरा निरोप सांगितला. मग त्याला मालकाकडं कुणी नेलं तेही सांगितलं. आवाज फार मोठा निघाला नाही. संपल्यावर उठायला लागलो.

ऊन डोक्यावर होतं. वारा नव्हता. अगदी जवळून, झोपलेल्या लेकराला उठवावं तशा आवाजात, कुणीतरी म्हणालं, "वन्समोर."

मी पुन्हा खाली बसलो आणि नदीवरच्या सकाळपासून सांगायला लागलो.